एका कॅसेटमध्ये ९९९९ गेम

६ सप्टेंबर १९९८, रविवार
सकाळी चेतनचा पुण्याहून फोन. दिवाळीच्या सुट्टीत येत नाही म्हणतो. कॉम्प्युटरचा क्लास लावायचाय. पंधरा ऑगस्टला आला होता तेव्हाही धुतलेले कपडे वाळायच्या आत परत गेला. मी अभ्यासाचा विषयसुद्धा काढला नाही. फक्त फर्स्ट इयरचे मार्क विचारले, जे तो अजून सांगतो सांगतो म्हणतोय. आणि त्याच्या रूममधल्या मुलाचे मार्क विचारले. तेवढ्यात लाइन कट झाली. पुण्याच्या लाइनी अलीकडे फार खराब झाल्यात. माझ्याशी बोलताना जास्त.

एकोणीस वर्षांच्या मुलाला घरी यावंसं वाटत नाही, याचा अर्थ घरात आकर्षण उरलेलं नाही. बायकोला, यशोधरेला असं म्हटलं. ती म्हणाली, तुम्ही फोनवर आधी जेवलास का विचारत जा. ती शाळेत शिकवते, त्यामुळे तिला सगळं सोपं वाटतं.

दुपारी भात कालवताना उपाय सुचला. व्हिडिओ गेम. नव्वद साली आपल्या घरी आला होता तो. आम्ही बापलेक सतरंजीवर टीव्हीसमोर बसायचो. काय दिवस होते. चेतन माझ्या शेजारून हलायचा नाही.

निश्चय: दिवाळीपर्यंत त्या काळातले जुने गेम जमवायचे. नीट संग्रह करायचा. चेतनने पूर्ण सुट्टी इथे काढली पाहिजे. स्वतः खेळायचं नाही. फक्त जमवायचे.

१० सप्टेंबर, गुरुवार
कापडबाजारात चौकशी. दुकानदाराने नवे सीडीवाले गेम दाखवले. मला जुना हवाय म्हटल्यावर त्याने असं पाहिलं, जणू मी कालचा पेपर मागतोय. नवीन पिढीला जुन्या काळाची ओढ नाही.

यशोधरा म्हणते, आठ वर्षं म्हणजे काही जुना काळ नव्हे. आपला मिक्सर अकरा वर्षांचा आहे, त्याच्यासाठी कधी गळा काढला नाहीत.

१३ सप्टेंबर, रविवार
गावी कोल्हारला जाऊन आलो. आमचा मूळ गेम चेतनच्या दहावीच्या वर्षी भागिरथी चुलतीकडे ठेवला होता. त्याच्या अभ्यासावर परिणाम नको म्हणून. (यशोधरा म्हणते, माझ्या ऑफिसच्या हजेरीवर परिणाम नको म्हणून. तिची स्मरणशक्ती पूर्वीसारखी राहिली नाही.)

चुलतीने गेम फार जपला आहे. दुधाच्या पातेल्यावरच्या ताटलीवर, वजन म्हणून. म्हणाली, लई गुनाचं हाय, मांजराला काय बी करता येत न्हाई. मी सांगितलं, हे टीव्हीला लावतात. म्हणाली, व्हय का, टीव्हीत बी मांजर शिरतं का. चेतनसाठी पाहिजे म्हटल्यावर नरमली. पोराला ने की, पन मग दुधावर काय ठिवू, तुला? शेवटी ऑफिसचा माझा स्टीलचा डबा खडे भरून दिला आणि गेम सोडवला.

कडेला साय वाळली होती. टॉवेलात गुंडाळून एसटीत मांडीवर घेतला. शेजारच्या बाईने सरकून जागा दिली आणि किती महिन्यांचं आहे विचारलं. मी आठ वर्षांचा म्हटल्यावर ती दुसऱ्या सीटवर जाऊन बसली.

१५ सप्टेंबर, मंगळवार
टीव्ही दुरुस्तीवाल्या अब्दुलभाईंनी एक वायर जोडून दिली आणि गेम चालू झाला. कॅसेटवर छापलंय, ९९९९ गेम. यादीत नंबर बदलत जातात, पण गेम चारच आहेत. विमानं, रणगाडे, बदकं आणि एक पळणारा माणूस. पाचव्या नंबरला परत विमानं. पण छापलेलं आहे ९९९९, आणि संग्रह करणाऱ्याने छापील गोष्टीवर विश्वास ठेवावा. म्हणजे पहिल्याच आठवड्यात माझा संग्रह दहा हजाराच्या घरात गेला.

खेळलो नाही. तपासले. ऑफिसला हाफ डे.

१६ सप्टेंबर, बुधवार
आणखी तपासले. कॅज्युअल लीव्ह.

२० सप्टेंबर, रविवार
अब्दुलभाईंकडे दुरुस्त न होणाऱ्या जुन्या गेमांचं एक पोतं होतं. म्हणाले, न्या साहेब, तेवढीच मला पाय पसरायला जागा होईल. त्यांना जुन्या वस्तूंची कदर नाही. स्कूटरवर पुढे ठेवून सावेडीला घरी आणलं.

दिवाणाखाली मावलं नाही. थोडे टीव्हीमागे, थोडे कपाटावर, कॅसेटी तांदळाच्या डब्यात. तांदळात ओल लागत नाही, हा शास्त्रीय विचार.

संध्याकाळी यशोधरा तांदूळ निवडायला बसली.

म्हणाली, या घरात एक तर हे पोतं राहील नाहीतर मी. मी विचार करायला थोडा वेळ घेतला. तो घ्यायला नको होता.

२१ सप्टेंबर, सोमवार
कोपऱ्यावर आप्पासाहेबांची पिठाची गिरणी आहे. तिथली वरची फळी रिकामी असते. आप्पासाहेब म्हणाले, ठिवा की साहेब, खातंय का पितंय. मॅच बघायला त्यांनी गिरणीत एक ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही ठेवलाय. म्हणजे तपासणीचीही सोय झाली. घरात शांतता, संग्रह सुरक्षित. असे प्रश्न डोकं थंड ठेवून सोडवायचे असतात.

एक किरकोळ गोष्ट. गिरणी चालू झाली की फळी हलते आणि संग्रह एकेक करून खाली यायला लागतो.

२६ सप्टेंबर, शनिवार
रोज नुसतंच गिरणीत जाऊन बसणं बरं दिसत नाही, म्हणून दळण घेऊन जातो. सोमवारी संध्याकाळी गहू. मंगळवारी बाजरी. बुधवारी ज्वारी. गुरुवारी हरभऱ्याची डाळ. शुक्रवारी परत गहू, आधीचं पीठ जाडसर आलं म्हणून. यशोधरा म्हणाली, आता फक्त साबुदाणा आणि शेंगदाणे उरलेत, तेवढे कशाला ठेवता.

ती टोमणा मारत होती हे मला गिरणीत पोचल्यावर कळलं. शेंगदाणे गिरणीत घालायचे नसतात हे तर त्याहून उशिरा. आप्पासाहेब पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलले. साहेब, तेल काढायचं आसंल तर घान्यावर जावा, माझं जातं नका चिकटवू.

त्या गडबडीत रणगाड्यांचा माझा आजवरचा सर्वोत्तम स्कोअर वाया गेला.

निश्चय: उद्यापासून गिरणीत जायचं नाही.

२७ सप्टेंबर, रविवार
जाऊन आलो. सोडा म्हटलं की एकदम सोडणं तब्येतीला चांगलं नसतं.

१ ऑक्टोबर, गुरुवार
दसरा. सकाळी विहारात कार्यक्रम होता, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा. जेवून गिरणीकडे गेलो. सुट्टीचा दिवस, गिरणी बंद, फळी हलणार नाही, निवांत तपासणी होईल असा विचार.

आप्पासाहेबांनी दसऱ्याची पूजा केली होती. मोटारीला झेंडूचा हार. पट्ट्याला हळदकुंकू, वजनकाट्याला हळदकुंकू, पान्यांना हळदकुंकू. आणि वरच्या फळीवर माझा सगळा संग्रह ओळीने मांडलेला, प्रत्येकाला हळदकुंकू आणि अक्षता. कुंकू सढळ हाताने. कॅसेट घालायच्या फटीत बरोबर मावेल असं झेंडूचं फूल. वरून नारळाचं पाणी शिंपडलेलं.

मी फळीकडे बघत उभा राहिलो. त्यांना वाटलं मला भरून आलं. म्हणाले, तुमी न्हवता म्हून काय झालं, यंत्र म्हनलं की यंत्र. एकाला वगळलं तर वरीसभर कुरकुरतंय.

मी बुद्धिवादी माणूस. यंत्र आणि पूजा या विषयावर मी त्यांना बरंच काही ऐकवू शकलो असतो. त्यांनी हातावर खोबरं ठेवलं. खाल्लं.

२ ऑक्टोबर, शुक्रवार
सुट्टी. पोतं परत स्कूटरवर. अब्दुलभाईंनी एकेकाचं झाकण उघडलं, आत बोट फिरवून बघितलं. मग म्हणाले, पीठ आहे, कुंकू आहे, नारळाचं पाणी आहे. साहेब, दुरुस्त करू का मळून ठेवू?

पोत्यातले पोत्यातच राहिले. अब्दुलभाई म्हणतात, ते आधीही बंदच होते, तुम्ही फक्त त्यांना सजवून आणलंत. कोल्हारचा तेवढा वाचला. दोन जॉयस्टिकपैकी एकीची सॉकेट कायमची गेली. कॅसेट चालते. म्हणजे ९९९९ गेम शाबूत आहेत. संग्रहाला धक्का लागला असं म्हणता येणार नाही.

यशोधरेला सांगितलं, संग्रह निवडक करतोय. ती हो म्हणाली आणि पिठाचे डबे उघडून किडे झालेत का ते बघत बसली.

९ ऑक्टोबर, शुक्रवार
चेतनचा फोन. यशोधरेने घेतला. मी घाईने उठलो तर तिने हातानेच बस म्हटलं. बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. मला फक्त दोन वाक्यं ऐकू आली. एकदा म्हणाली, रडायचं काय त्यात. आणि एकदा, पप्पांचं मी बघते.

मग फोन ठेवून म्हणाली, येतोय तो. पूर्ण सुट्टी राहणार आहे.

मी विचारलं, गेमचं सांगितलंस ना? ती फोनची वायर सरळ करत म्हणाली, हो, तेच सांगितलं.

डोळ्यांत पाणी येण्याइतका आनंद झाला असणार त्याला. वाटलंच होतं. घरात आकर्षण पाहिजे.

१७ ऑक्टोबर, शनिवार
चेतन आला. बारीक झालाय. बॅग उचलवेना इतकी जड. सगळी पुस्तकं. सुट्टीत घरी येतानासुद्धा पुस्तकं आणतो, याला घरचं वळण म्हणतात. यशोधरेला तसं बोलून दाखवलं. तिने मला मटाराच्या शेंगा सोलायला बसवलं.

जेवला आणि झोपला. गेम मी टीव्हीला लावून, वर टॉवेल टाकून ठेवला होता. त्याने बघितला. हसला. आवडलेला दिसतो.

मार्क विचारले नाहीत. उठल्यावर विचारणार होतो, पण यशोधरेने मध्येच कोथिंबीर आणायला पाठवलं, मग दही आणायला, मग सुटे पैसे करून आणायला.

१८ ऑक्टोबर, रविवार
संध्याकाळी सतरंजी अंथरली. समोरच्या बंगल्यात आकाशकंदील लावत होते. चेतन न बोलावता येऊन शेजारी बसला. मन भरून आलं. मी एक नंबरची जॉयस्टिक घेतली आणि त्याच्या हातात दोन नंबरची दिली. तिची सॉकेट कुंकवाने गेलेली आहे, ती कुठेच जोडलेली नाही, पण मुलाचा हिरमोड कशाला करायचा. तो लहान असतानाही मी असंच करायचो. सॉकेट तेव्हा चांगली होती, पण त्याला खेळता यायचं नाही आणि माझा स्कोअर बिघडायचा. मुलांना काय, हातात काहीतरी असलं की झालं. कळत नाही त्यांना.

विमानांचा गेम. हिरवं माझं, लाल त्याचं. तो मन लावून बटणं दाबत होता. पहिला टप्पा मी पार केला. त्याला म्हटलं, तुझा हात अजून चांगला आहे. तो म्हणाला, पप्पा, याची वायर माझ्या मांडीखाली आहे.

मग म्हणाला, पाचवीत असताना चेंडू शोधायला दिवाणाखाली गेलो होतो, तेव्हा कळलं. वायरचं टोक तिथेच होतं. आतून यशोधरा म्हणाली, शेजारच्यांना पण माहीत होतं. मी म्हटलं, मग इतकी वर्षं तासन्‌तास माझ्या शेजारी बसायचास कशाला?

म्हणाला, तेवढा वेळ तुम्ही पाढे विचारायचा नाहीत.

माझं विमान पडलं. दुसरं आलं. ते उडवता उडवता जे सुचलं ते विचारलं. मग आज कशाला बसलास?

त्याने जॉयस्टिक मांडीवर ठेवली. आतला भांड्यांचा आवाज थांबला.

मग त्याने सांगितलं. फर्स्ट इयरचं गणित राहिलंय. एम-टू. रिझल्ट जुलैतच लागलाय. क्लास वगैरे काही नव्हता, मला तोंड दाखवायचं नव्हतं. पेपर नोव्हेंबरच्या शेवटी आहे. तोपर्यंत घरी बसून अभ्यास करतो म्हणाला. चालेल का, असं विचारलं. स्वतःच्या घरात.

मला बोलण्यासारखं पुष्कळ सुचलं. त्याच्या रूममधल्या मुलाचंही सुचलं. पण समोरून चार विमानं येत होती आणि यशोधरा दारात येऊन उभी राहिली होती.

म्हटलं, नीट धर ती जॉयस्टिक. लाल विमान तुझं आहे.

त्याने धरली. लाल विमान जागचं हलत नाही, त्यामुळे दर वेळी तेच आधी पडतं. आज मी माझं हिरवं त्याच्यापुढे आडवं घातलं. दोन्ही पडली. स्कोअर वीस. आजवरचा सगळ्यात कमी.

मार्क उद्या विचारीन.