माझ्यातून बाप येतो

सोमवार, ३ नोव्हेंबर

हेन्नाचं आजही काही नाही. नऊ दिवस झाले. फोन उघडतो, बंद करतो, परत उघडतो.

तिनं लिहिलं होतं — तुझ्यातून बाप येतोय, एप्रिलमध्ये. आमच्या फिनिश भाषेत असंच म्हणतात. मिनुस्ता तुले इसा, माझ्यातून बाप येतो. 'मी बाप होणार' असं सरळ म्हणायची सोयच नाही. आणि मी काय पाठवलं? अंगठा! वर केलेला पिवळा अंगठा. वाटलं, झालं, छान म्हणून सांगितलं. आईचं ऑपरेशन नीट झालं तेव्हा बाबांनीही मला अंगठाच पाठवला होता. पण हेन्ना म्हणजे मी नव्हे. ती तिकडे कायानीत, बेकरीत उभी. मी इकडे रौमाला, गोदीत. मध्ये सहाशे किलोमीटर आणि एक अंगठा.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

दिवसभर वेल्डिंगच्या शिवणी घासल्या. कानात अजून भुंगा.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

गुरुवार म्हणजे वाटाण्याचं सूप. जेवताना दिंदोनं वही काढली. दिंदो माझ्या खोलीतला, फिलिपिन्सचा वेल्डर, चाळिशीचा. फिनिशच्या वर्गाला जातो आणि गृहपाठ माझ्याकडून करून घेतो. मी! नववीनंतर शाळेत पाऊल न टाकलेला.

आज त्याचा नेमका हाच धडा. डॉक्टर, नवरा, बाप — हे सगळे माणसातून येतात, हे त्याला पाठ आहे. मग विचारतो, म्हातारा होणं, लाल होणं, श्रीमंत होणं याला वेगवेगळे शब्द का? म्हटलं, आहेत बाबा. मग म्हणतो, 'येतो' म्हणजे आत्ता येतो की पुढे येणार? दोन्ही, म्हटलं. ओळखायचं कसं? कळतं! मग हळूच म्हणाला, यायच्या आधी तो असतो कुठे?

मी थाळी उचलली आणि निघालो. मास्तरीण म्हणायची, तुझ्यातून काही येणार नाही. तेव्हा व्याकरण छान समजलं होतं.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज पितृदिन. सगळीकडे झेंडे. दुकानात केकवर 'बाबा' लिहिलेलं. दिंदोच्या तिन्ही मुली फोनवर एकदम ओरडत होत्या, हा रडत होता आणि हसत होता.

मी बाबांना फोन केला. तिकडे गावी, कुहमोला, बर्फ पडलंय. गाडीला हिवाळी टायर बसवले. शेजाऱ्यांना शिकारीत मूस-सांबर मिळालं, आपल्याला मिळालं नाही. आणखी काही? म्हणाले. नाही, म्हटलं. बरं, म्हणाले.

तीन मिनिटं! वाक्य जिभेवर होतं. गिळलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

हेन्नाचा निरोप आला. जसाच्या तसा उतरवतो —

'२० तारखेला दहाला गरोदर बायकांच्या केंद्रात जायचंय. बाप म्हणून सही करायची असेल तर ये. नसेल तर तसं शब्दांत लिही. चित्र नको.'

आमचं लग्न झालेलं नाही, म्हणून कागदावर बापाची सही लागते. सहा वेळा उत्तर लिहिलं, सहा वेळा पुसलं. मला आनंद झालाय — हे परीक्षेच्या पेपरासारखं वाटतं. मला भीती वाटते — हे कसं पाठवायचं? शेवटी लिहिलं, येतो. एकच शब्द. शब्द तरी आहे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

रेइयोकडे रजा मागितली. तो आमचा मुकादम. म्हणाला, पुढच्या आठवड्यात जहाज पाण्यात सोडायचंय, कुणालाच रजा नाही. कशाला हवी? मी म्हटलं, कायानीला दाताच्या डॉक्टरकडे जायचंय.

दात! कायानीला, दातासाठी! रेइयो म्हणाला, रौमात काय दातांचे डॉक्टर मेलेत? आणि गेला निघून.

खोलीवर दिंदोला हेन्नाचा निरोप दाखवला, दाताचंही सांगितलं. तो चिडला. त्याचं फिनिश चिडल्यावर जास्त मोडतं, पण हे नीट बोलला. 'तू मला शिकवतो. तू स्वतः ते वाक्य एक वेळा बोलला नाही. एक वेळा पण नाही, नीलो.'

मी म्हटलं, झोप. झोप मलाच नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

कॉफीच्या सुट्टीत रेइयोच्या टपरीत गेलो. तो हिटरवर हातमोजे वाळवत होता. मी दारातच उभा राहिलो. म्हटलं, दाताचं खोटं होतं. माझ्यातून बाप येतोय. वीस तारखेला सही करायचीय.

पहिल्यांदा मोठ्यानं बोललो. तेही कुणापुढे, तर रेइयोपुढे! कान तापले.

तो बराच वेळ हातमोजे उलटे-सुलटे करत राहिला. वाटलं, आता हाकलतो. मग म्हणाला, 'माझा थोरला जन्मला तेव्हा मी समुद्रावर होतो. बदली माणूस मिळत होता. मी मागितलाच नाही.' कॅलेंडरवर वीसला फुली मारली. मग एकोणिसालाही मारली. म्हणाला, गाड्या वेळेवर नसतात, आदल्या दिवशीच नीघ. आणि दार लाव, थंडी आत येतेय.

बुधवार, १९ नोव्हेंबर

टाम्पेरेला गाडी बदलली. बोलायचं काय ते पाठ करतोय. चार वाक्यं झाली. सगळी भिकार.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सही केली. नाव वाकडं आलं. मग नर्सनं हेन्नाच्या पोटावर यंत्र ठेवलं. टकटक टकटक, धावत्या घोड्यासारखं. मी चारही वाक्यं विसरलो. नर्स हसली आणि यंत्र दुसऱ्या बाजूला सरकवलं. तिथेही टकटक, जरा वेगळी.

दोन बाळं! मी हेन्नाकडे बघितलं. महिनाभर माहीत होतं तिला. म्हणाली, 'तू काही विचारलंच नाहीस.'