हळदीच्या गाण्यातली तिसरी ओळ

आई, कपाटाचं दार अर्धं लावून, गोधडी डोक्यावर घेऊन गाणारी बाई तू कधी पाहिली नसशील. मी गाते. बोईसरच्या माझ्या खोलीखालीच रिक्षा उभ्या असतात, त्यांचा आवाज माइकमध्ये येतो. कंपनीच्या लॅबमधून पहिली पाळी संपवून आले की चहाही न घेता लॅपटॉप उघडते. व्हिडिओ बघून शिकतेय. शिकतेय म्हणजे काय, गाते, ऐकते, पुसून टाकते, परत गाते. सॉफ्टवेअरने सूर सरळ केला की आवाज कुणा भलतीचाच वाटतो. तसाच ठेवला तर माझा वाटतो, आणि तेच नको असतं.

हे सगळं भाचीमुळे. "आत्या, माझ्या हळदीला डीजे नको. आजीचं गाणं कर ना तू, लॅपटॉपवर," ती म्हणाली आणि मी हो म्हणून बसले. तू होतीस तेव्हा तुझा आवाज कुणी कधी टेप केला नव्हता. लग्नघरी तुला मानाने बोलवायचे. तू ओळ उचलायचीस, बाया मागून म्हणायच्या. केळव्याच्या एका लग्नात मीही मध्येच सूर लावला, तर तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "तुला गळा नाय. गप ऱ्हा नि ऐक." मी गप्प राहिले ती या वयापर्यंत. आता हेडफोन लावले की आधी तेच ऐकू येतं.

गाण्याचे शब्द सगळे आठवले, पण तिसऱ्या ओळीची चाल काही केल्या येईना. मावशीला फोन केला. ती म्हणाली, "मला कुटं आटवतं आता? तुझी आयस उचलायची, आमी नुसत्या मागनं. तुला वाटंल तशी म्हन." चार दिवस नुसती गाऊन पुसत राहिले. शेवटी एका दुपारी चाल मीच बसवली.

हळदीच्या दिवशी माकुणसारला, मांडवात, स्पीकरवर गाणं लागतं तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी आहे. आधी बाया ऐकतात. मग मावशी गायला लागते, मग सगळ्याच. तिसरी ओळ येते. मावशी हळदीचा हात तसाच वर धरून ती ओळ माझ्या चालीत म्हणते, न अडखळता. दुसऱ्या खेपेला बाया मागून उचलतात. नंतर मला गाठून ती म्हणाली, "हीच गो चाल! अगदी तुझ्या आयसची." मी तिला काही सांगितलं नाही.

आता गाणं गावातल्या मुलींच्या मोबाइलवर आहे. पुढच्या लग्नात तेच वाजेल, आणि तुझी चाल कुणाला कळणारही नाही. हे मनाला लागून राहिलंय. अजून रोज आठवून बघते, गुणगुणते, थांबते. हे पत्र पाठवायला पत्ता असता, तरी पाठवलं नसतं. कारण खरं सांगायचं तर, आई, तुझी चाल उद्या आठवली, तरी मी माझीच ठेवीन. ती मला आवडते.