घुम्याला वाणी शून्य

४ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तू फोन करतेस आणि मी हो, बरं, ठेवतो एवढंच बोलतो, हे माझ्या लक्षात येतं. म्हणून लिहितो. लिहिताना समोर कोणी ताटकळत नसतं.

इकडे ठीक आहे. लिफ्टच्या तपासण्या चालू आहेत. तुझी ताई कामाला असायची त्या चष्म्याच्या दुकानातून तिचं सामान आणलं. मालकीणबाई म्हणाल्या की गिऱ्हाइकं अजून तिलाच विचारत येतात आणि चष्मा न घेता परत जातात.

मुद्दा असा. तुम्ही दोघी तो किल्ल्यांचा आणि राक्षसांचा गेम खेळायचात, त्याची नवी आवृत्ती आली आहे. ताईच्या कॉम्प्युटरवर तो खेळणाऱ्यांच्या फोरमची सूचना दिसली. जुनी बिल्ड नव्या आवृत्तीत कोणी शेवटपर्यंत खेळून दाखवली नाहीत, तर महिनाअखेरीस काढून टाकणार आहेत. बिल्ड म्हणजे पात्राच्या कुठल्या गुणाला किती पॉइंट द्यायचे याचा आराखडा, हे मी वाचून समजून घेतलं. ताईचा एक आराखडा तिथे फार लोकप्रिय दिसतो. नाव घुम्या. बळ बऱ्यापैकी, सहनशक्ती पूर्ण, वाणी शून्य. सोबत तिने लिहिलं आहे की हा स्वतःहून बोलत नाही, विचारल्यावर बोलेल याचीही खात्री नाही, पण जिथे उभा कराल तिथून हलणार नाही. त्याखाली कुठकुठल्या लोकांनी त्याचे आभार मानले आहेत.

हे पात्र तिने कोणावरून घेतलं, तुला माहीत असेल तर कळव. तो आराखडा तिथून निघू नये असं मला वाटतं. तिचं बाकी सगळं आवरून झालं आहे.

तब्येतीला जप. आठवण ठेवतेसच, ठेवत राहा.

तुझा भाऊजी


९ जुलै

ती. भाऊजींना,
शि. सा. न. वि. वि.

घुम्या कोणावरून घेतला, हे तुम्ही पत्र लिहून विचारता! घरातल्या आरशाला काय झालं?

खरं सांगते, त्याच्यावरून मी ताईशी भांडले होते. निदान दोन पॉइंट बोलायला दे, म्हटलं, त्याला साधा रस्ता विचारता येत नाही. तर म्हणाली, त्याला कशाला बोलायला हवं, मी आहे ना बरोबर. आणि खेळात ती नेहमी त्याच्या पाठीमागून चालायची, तिची ती बडबडी जादूगारीण घेऊन. वाटेतल्या प्रत्येकाशी गप्पा. वार झाले की घुम्या अंगावर घेणार, बाई तोंड चालवणार.

आता अडचण ऐका. नव्या आवृत्तीत शेवटच्या किल्ल्यावर द्वारपाल बसवलाय. प्रत्येकाने एकट्याने पुढे जाऊन त्याला उत्तर द्यायचं. वाणी शून्य असली की कुठलंही उत्तर निवडा, तो अपमान समजतो आणि उभा चिरतो. मी सगळी उत्तरं देऊन पाहिली, दर वेळी मेले. दातांच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या कवळ्या घासायच्या आणि घरी येऊन मरायचं, असा माझा दिनक्रम आहे.

उपाय सोपा आहे. दोन पॉइंट वाणीला देऊ. आराखडा वाचेल. तुम्ही हो म्हणा, हा शब्द तुम्हाला येतो.

जेवत जा वेळेवर. धाकटीवर राग धरू नका, जीव असू द्या.

तुमची,
धाकटी


२१ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. मी हो म्हणू शकत नाही. लिफ्टच्या पाटीवर आठ माणसं लिहिली असतील तर मी नऊ करून पास करत नाही. दोन पॉइंट दिल्यावर तो चालेल, पण तो ताईने केलेला राहणार नाही.

म्हणून मी स्वतः खेळायला बसलो. पहिल्या दिवशी विहिरीत पडलो. नंतर एका कोंबडीने मारलं. ती साधी कोंबडी नव्हती, असं नंतर वाचनात आलं. प्रत्येक जिना मी चढून उतरून भक्कम आहे का ते बघत होतो, त्यात बराच वेळ गेला. पण घुम्या मार खूप सोसतो, त्यामुळे माझ्या चुका त्याला झेपल्या.

काल किल्ल्यापाशी पोचलो. द्वारपालाने विचारलं की कोण तू, काय काम. खाली चार उत्तरं आली. एकही माझ्या तोंडी शोभणारं नव्हतं, एकात तर त्याच्या आईचा उद्धार होता. मी बघत राहिलो. कुठल्याही इमारतीत तपासणीला गेलो की खालचा पहारेकरी असंच विचारतो. मी हातातली अवजारांची पेटी खाली ठेवून उभा राहतो. थोड्या वेळाने तोच कंटाळून आत सोडतो. इथेही मी काही दाबलं नाही. द्वारपालाने पुन्हा विचारलं, मग मला बहिरा म्हणाला, मग दगड म्हणाला, आणि शेवटी बाजूला झाला. आतला राक्षस त्यामानाने सोपा गेला.

याची नोंद फोरमवर कशी करतात मला समजत नाही. ती तू कर. वाणी शून्यच ठेव.

काळजी नको. लोभ आहे तो तसाच ठेव.

तुझा भाऊजी


२८ जुलै

ती. भाऊजी,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही काय करून ठेवलंय, कल्पना आहे का? उत्तर न देणं हेही एक उत्तर आहे, हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. गेम खेळणाऱ्या माणसाच्या हाताला दम म्हणून नसतो. नोंद मंजूर झाली, घुम्या जसाच्या तसा राहिला. आता हजारो लोक त्या दारात तोंड मिटून उभे आहेत. कोणी विचारतं, मनात काय आणायचं? कोणी विचारतं, श्वास रोखायचा का? माणसं तुमच्यासारखं व्हायला धडपडतायत, भाऊजी. ताईला हसू आवरलं नसतं.

आता कडू बातमी. कंपनीने जाहीर केलंय की ही त्यांची चूक होती, असं गप्प राहून कोणी आत जायला नको होतं. पुढच्या आवृत्तीत गप्प राहणाऱ्यालाही द्वारपाल चिरणार. तेव्हा घुम्याचं मात्र काही खरं नाही. वाईट वाटून घेऊ नका.

माझ्यावर मर्जी राहू द्या.

तुमची,
धाकटी


६ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

बातमी समजली. मीसुद्धा लिफ्ट वर्षभरापुरतीच पास करतो, कायमची कुठलीच करत नाही. घुम्या या आवृत्तीपुरता उभा आहे, तेवढं पुरे.

एक दुसरंच काम निघालं आहे. घुम्या आता एकटा चालतो, ते बघायला बरं वाटत नाही. तिची जादूगारीण तिच्या खात्यात कुठे सापडेना, म्हणून मी नवी बनवायला घेतली. वाणी पूर्ण दिली. माणसं ओळखणं पूर्ण दिलं. हट्ट असा गुण तिथे नाही, तो मी इच्छाशक्तीत धरला. हसणंही नाही, ते दैवात धरलं. बेरीज मर्यादेबाहेर गेली. मग ताकद काढली, चपळाई काढली, चिलखत काढलं. तशी तिला घेऊन निघालो, तर पहिल्याच पुलावर दरोडेखोराशी बोलत उभी राहिली आणि मेली. घुम्या जवळच होता, पण मला त्याला वेळेवर मध्ये घालता आलं नाही.

वाणी कमी केली तर ती वाचेल, हे मला दिसतं. रोज संध्याकाळी मी एक पॉइंट काढतो, थोडा वेळ बघतो आणि परत ठेवतो. तू तिची बहीण आहेस. तिच्यातलं काय कमी करायचं, ते तू सांग.

माया असू दे.

तुझा भाऊजी