टिपांचा डबा भरंना

सोम. ५ फेब्रु. २००७
मशीन आलं, बसलं, चालू झालं! आमच्या कापूरहोळच्या तीन खोल्यांच्या लॅबमध्ये! इतके दिवस व्हायरस मोजायचा म्हणजे दहा दहा दिवस प्लेटी उबवत बसायचं. आता दोन तास. आपला व्हायरस बिचारा निरुपद्रवी. राणीखेत या कोंबड्यांच्या जीवघेण्या रोगाच्या विषाणूचा एक तुकडा पाठीवर घेऊन कोंबडीत जायचा आणि तिला तो रोग ओळखायला शिकवायचा, एवढंच त्याचं काम. पण बाटलीत तो किती आहे ते कळल्याशिवाय लसीचा डोस ठरणार कसा? सर म्हणाले, "रुबीना, शनिवारपर्यंत एकाच बाटलीचा आकडा तीनदा सारखा आणून दाखव. मशीन तुझ्याकडे. नाही जमलं तर मुंबईहून शिकलेला माणूस बोलावतो."
माझ्याकडे! भोर स्टँडपासून घरापर्यंत जवळजवळ पळतच आले.

मंगळ. ६
पहिला आकडा आला. छान, भरघोस. संध्याकाळी अब्बांच्या दुकानात जाऊन बसले. ते कापड आखत होते.
"दिसत न्हाई म्हनतेस, आन् मोजतेस?"
म्हटलं, आधी ठाऊक असलेला डीएनए घ्यायचा. एक भाग तो, नऊ भाग पाणी. त्यातला परत एक भाग, नऊ भाग पाणी. अशा सात नळ्या. मशीन दर फेरीला त्याची दुप्पट करतं. जितका जास्त, तितका लवकर चमकतो. मग आपली बाटली या सात नळ्यांशी ताडून बघायची.
"म्हंजी आदी पट्टी तयार करायची, मग कापड मोजायचं."
तेच! एका वाक्यात. मी एम.एस्सी.ला दोन वर्षं घातली.
अब्बांच्या हातातला खडू नखाएवढा उरलाय. अम्मी म्हणते, आता नखानंच खुणा करा. फेकतील तर शपथ.

बुध. ७
दुसरा आकडा कालच्या निम्मा. बाटली तीच! दुपारी पुन्हा केलं, तिसराच आकडा. पट्टीच वाकडी येतेय. प्रत्येक नळी आधीच्या नळीपेक्षा दहापट पातळ, म्हणजे दुपटीच्या हिशोबानं ३.३ फेऱ्या उशिरा चमकायला हवी. माझ्या २.९, ३.१, एकदा तर २.६. शेवटच्या नळ्यांना कसली घाई झालीय कोण जाणे. पाणी बदललं, रसायन बदललं. शेवटी सरांना सांगितलं, मशीन बिघडलंय. त्यांनी लगेच फोन लावला. शुक्रवारी इंजिनिअर येणार.
हायसं वाटलं. दोष मशीनचा निघाला तर बरं, असं मनात आलं. लिहायला लाज वाटते, पण आलं.

गुरु. ८
सकाळी कोंडिबामामा कचऱ्याचा डबा घेऊन दारात. मूळचे वेल्ह्याचे, आठवडाभर इथंच मागच्या खोलीत राहतात. वापरलेलं सगळं मोठ्या कुकरमध्ये उकडून निर्जंतुक करायचं काम त्यांचं.
"ताई, ह्यो डबा भरंना. मशीन दावायला मान्सं आल्ती, त्येंनी तासाभरात भरला. तुमच्या तीन दिसाच्या एवड्याच टिपा? कुकर लावू तरी कशाला?"
मी ऐटीत, "मामा, मी वाया घालवत नाही. सातही नळ्यांना एकच टिप पुरवते."
आणि तोंड उघडंच राहिलं.
पिपेटच्या टोकाची ती प्लास्टिकची टिप. पहिल्या दाट नळीतलं जे तिच्या आत चिकटतं, ते पार सातव्या नळीपर्यंत जातं. कधी जास्त, कधी कमी. शेवटच्या नळ्या लवकर चमकणार नाहीत तर काय! कॉलेजात शिकवलं होतं, नळी बदलली की टिप बदला. पण मी शिंप्याची मुलगी. धड दिसणारी वस्तू टाकायला हातच होत नाही.
"काय झालं? माजं काय चुकलं का?"
"तुमचं नाही हो मामा, माझं."
धीर सुटायच्या आत सरांसमोर जाऊन सगळं सांगून टाकलं. त्यांच्या तोंडात चहा होता. तो रजिस्टरवर गेला. हसून हसून डोळ्यांत पाणी. "तुला टिपा वाचवायला सांगितलं कोणी?" म्हटलं, घरी. इंजिनिअरला मीच फोन करून नको येऊ म्हणून सांगितलं. तोही बराच वेळ हसला. फोनवर चेहरा दिसत नाही ते एक बरं.

शुक्र. ९
दर नळीला नवी टिप. प्रत्येक पडताना जिवाला चटका. आणि मग... ३.३! ३.३! ३.३! पट्टी सुतासारखी सरळ. दोनदा केलं, दोन्ही आकडे जुळे भाऊ. डबा काठोकाठ. मामा खूश, "आत्ता कसं!"
कुकर होईपर्यंत दोघं बाहेर बसलो. मामा म्हणाले, दोन वर्सांमागं मानमोडी आली (राणीखेतला गावाकडे हेच म्हणतात). अकरा कोंबड्या व्हत्या आमच्या हिच्या, आठवड्यात खुराडं रिकामं. "तुमचं औशद लागू पडलं तर पयलं आमच्या गावाकडं आना."
चार दिवस मी नुसतं मशीन माझं, मशीन माझं करत होते. त्या खुराड्यातल्या अकरा कोंबड्या मनात आल्याच नव्हत्या.

शनि. १०
तिसरा आकडा जुळला!!! सरांनी तिन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडाला धरले. "हं," एवढंच. मग जुडग्यातून मशीनच्या खोलीची चावी काढून माझ्या हातावर ठेवली.
बाटल्या बर्फाच्या पेटीत घातल्या. चाचणीच्या कोंबड्या ठेवल्यात त्या वेल्ह्याच्या शेडकडे टेम्पो निघाला, मामा पुढं, पेटी मांडीवर. खाली ठेवू नका, तीनदा सांगितलं. "आवं ताई, नातवाला बी एवडा जपला न्हाई म्या." सोमवारी पहिला डोस. कोंबड्या शिकल्या की नाही ते तीन आठवड्यांनी त्यांच्या रक्तात दिसेल. नाही दिसलं तर नवी बाटली, पुन्हा पहिल्यापासून.
घरी सगळं सांगितलं. अब्बांनी नखाएवढा खडू उलटासुलटा करून पाहिला, आणि डब्यातून नवा काढला. अम्मी चूल सोडून बघायला आली. जुना मात्र फेकला नाही, खिशात टाकला. "ऱ्हाऊ दे. ह्याच्यात अजून एक शर्ट निगंल."
चावी ओढणीच्या टोकाला बांधलीय. कोंबड्यांनो, माझं मोजून झालं. आता तुमच्यावर आहे.