दादांचा जिल्हा

अहमदपूर, १७ एप्रिल

नौदलाच्या दप्तरातून उत्तर आलं. लातूर जिल्ह्यातला, या नावाचा खलाशी महायुद्धाच्या नोंदींत नाही.

चूक माझीच. नवा जिल्हा झाल्यापासून जिथं तिथं हौसेनं लातूर लिहितो, वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, नौदलातल्या नोकरीच्या दाखल्यासाठीच्या अर्जातही तेच लिहून बसलो. दादा भरती झाले तेव्हा निजामाचं राज्य होतं, अहमदपूर बीदर जिल्ह्यात होतं. मास्तर असून मला हे सुचू नये? आता पुन्हा अर्ज. पण त्यांनी बीदर सांगितलं असेल, की नुसतं हैदराबाद? विचारणार कुणाला, दादा जाऊन नऊ वर्षं झाली.

जहाजाबद्दल ते कधी बोललेच नाहीत. फक्त तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकायचे आणि तळाचं घोटभर पाणी परत बादलीत ओतायचे. जहाजावरची सवय, एवढंच म्हणायचे.

आईला तो एक कागद बघायचाय, डोळे चालतात तोवर.

टँकर आज चौथ्या दिवशी आला. घागरी भरून ती ओसरीवर टेकली होती. माझ्या हातातलं पत्र बघून म्हणाली, "सापडले का रे ते?"

"न्हाई."

तिनं उठून तांब्याभर पाण्यात हातपाय धुतले आणि तळाचं घोटभर पाणी परत बादलीत ओतलं.