तुझ्या डीपीवरचे साहेब

प्रिय रूपाली,

ज्या सकाळी तुझ्या डीपीवरचा तुझा चेहरा जाऊन तिथे साहेबांचा फोटो आला, त्या सकाळी माझं सगळं बदललं. सौदीतल्या अबकैकच्या या कामगार कॅम्पात दोन वर्षं मी तो चेहरा बघूनच ड्युटीवर जात होतो.

चूक माझीच. कॉलेजच्या ग्रुपवर रोज 'जय साहेब' लिहून हजेरी लावायची टूम मीच काढली. तू हसायचीस, "देवाला तरी एवढं भजतोस का रे?" तरी मी तुला त्यात ओढलं. साहेबांच्या मोर्च्यांपायी परीक्षा बुडाल्या, कॉलेज सुटलं, त्याचाही मला अभिमानच होता.

मग साहेबांनी पक्ष बदलला. मी ग्रुपवर एवढंच विचारलं, "काल ज्यांचे पुतळे जाळले, आज त्यांच्याच मांडीवर?" नागेशने लिहिलं, "वाळवंटात डोकं तापलंय याचं." बाकीच्यांनी गद्दार म्हटलं. तेही सोसलं असतं. पण तू लिहिलंस, "साहेबांची माफी माग, नाहीतर मला फोन करू नकोस."

आज माफी लिहिलीही होती. तुझ्यासाठी मी कुणाच्याही पाया पडेन गं. मग आठवलं, हल्ली तू फोनही 'जय साहेब' म्हणूनच उचलतेस, आणि पुढे मलाही तेच म्हणावं लागेल. माफी पुसली. ग्रुप सोडला. हे पत्र धाडणार नाही, कारण तू ते ग्रुपवर टाकशील.

खाली ड्युटीच्या बसचा ड्रायव्हर "यल्ला, यल्ला", चला लवकर, म्हणून ओरडतोय. फोन खाटेवरच ठेवतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

अजूनही तुझाच,
चंदन