घर मुलीचे, विनाअट

मी, खाली सही करणारी बाई, वय चोपन्न, धंदा कवळ्या बनवणे, हे पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. शुद्धीचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दडपण नसल्याचा दाखला कोणी देत नाही, तिथे माझ्या शब्दावर भागवावे. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. माझ्या रक्तात एचआयव्ही आहे हे जगजाहीर आहे, पण गोळ्यांनी त्याला केव्हाच गप्प बसवले आहे. मेलेच तर झडपेने मेले असे लिहावे, उगाच त्याच्या नावावर घालू नये. यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. का, ते शेवटच्या कलमात आहे.

१. माझी सर्व हत्यारे, म्हणजे चकाकी आणायची मोटर, मेणाच्या सुऱ्या, साच्यांचे कपाट आणि खिडकीजवळचे टेबल, लंबूला द्यावीत. तुरुंगात माझ्या शेजारी अंथरूण घालायला जी एकटी तयार झाली ती ही. न्यायाधीशांनी मला तीन वर्षांची शिक्षा दिली होती, गोळ्या बंद करण्याची दिली नव्हती. तरी पहिले एकोणीस दिवस गोळ्या मिळाल्या नाहीत. लंबू रोज हजेरीच्या वेळी ओरडायची, "हिच्या गोळ्या आणा आधी, नाहीतर मी काही गप्प बसायची नाही!" विसाव्या दिवशी गोळ्या आल्या. सुटल्यावर तिला मी काम शिकवले. तिने बनवलेल्या कवळीचे खालचे दात अजून थोडे उंच बसतात, तिकडे तिने लक्ष द्यावे.

२. माझ्या खटल्यातल्या सरकारी वकिलांना त्यांच्या वरच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा घरपोच द्यावा. भर कोर्टात मला "चालतेबोलते विष" म्हणताना त्यांच्या तोंडात माझ्याच हातची कवळी होती. ती जागची हलली नाही, याचा मला धंदा म्हणून अभिमान आहे. सोबत चिठ्ठी ठेवावी: "इतकी वर्षे याच दातांनी जेवलात, तब्येत बरी असावी."

३. नवऱ्याचा फोटो दिराला द्यावा. हे प्रकरण काय होते ते एकदा माझ्या हाताने लिहून ठेवते. मी रक्तदान केले, त्यात माझा आजार कळला. दुसऱ्याच दिवशी दुपारी मी ते नवऱ्याला सांगितले. तो म्हणाला, "मला काही झालेलं नाही, मी कशाला तपासू?" चौदा महिने त्याने तपासले नाही. तपासले तेव्हा त्यालाही निघाला आणि दिराने त्याला हाताला धरून पोलीस ठाण्यात नेले. तिथे त्याने लिहून दिले की बायकोने मला काही सांगितलेच नव्हते. कायदा असा होता की ज्याला माहीत आहे आणि जो लपवतो तो गुन्हेगार. माझ्या रिपोर्टवर आधीची तारीख, म्हणून मी गुन्हेगार. त्याच्या रिपोर्टवर नंतरची, म्हणून तो बिचारा. कोणाकडून कोणाला गेला ते तारखेवरून कळत नाही, हे डॉक्टरांनी साक्षीत सांगितले होते, पण ऐकतो कोण! मी सुटायच्या आधीच नवरा गेला. त्याचा राग अजून आहे आणि त्याची आठवणही येते. दोन्ही खरे आहे.

४. बँकेतली शिल्लक आमच्या भागातल्या दवाखान्याला द्यावी. तपासणीला येणाऱ्या बायकांच्या जाण्यायेण्याचा खर्च त्यातून करावा. वर्तमानपत्रात माझा फोटो छापून आल्यावर वर्षभर तिथे चिटपाखरू फिरकले नाही. नर्सबाई सांगत होत्या, बायका म्हणायच्या, "तपासलंच नाही तर माहीत नाही, आणि माहीत नाही तर गुन्हा नाही." आमची भाजीवाली अशीच तपासल्याशिवाय गेली. तिच्यासाठी कोणाला शिक्षा झाली नाही.

५. मला नेहमीच्या कपड्यांत न्यावे. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नये. कोणी हातमोजे घालून लांब उभा राहिला तर त्याला घरी पाठवावे.

६. दोन खोल्यांचे घर माझ्या मुलीला. ती नऊ वर्षांची असल्यापासून काकांकडे वाढली. लग्न ठरताना तिने सासरी सांगितले की आई लहानपणीच गेली. मीच तसे सांगायला लावले. ती महिन्यातून एकदा दाताच्या कामाला म्हणून माझ्याकडे येते. तिच्या सासूला तिच्या दातांची फार काळजी वाटते. बत्तीसच्या बत्तीस धड आहेत.

शिक्षेविरुद्धचे माझे अपील वरच्या कोर्टात सतरा वर्षे पडून आहे. वकीलबाई म्हणाल्या, "तुम्ही गेलात की अपील संपतं. जवळच्या नातेवाइकानं तीस दिवसांत अर्ज केला तरच पुढे चालेल." जवळची म्हणजे एवढी एकच मुलगी. अर्जात तिला स्वतःचे नाव लिहून मी तिची आई होते असे लिहावे लागेल, आणि ते सासरी कळेल.

आधीच्या मृत्युपत्रात मी अट घातली होती की अर्ज केला तरच घर. वकीलबाई म्हणाल्या, "अट कोर्टात टिकेल हं." टिकेल म्हणूनच मला भीती वाटली. म्हणून ती काढली. अर्ज कर असे तिला कोणीही सांगू नये, वकीलबाईंनीसुद्धा नाही.

आता जे कधी बोलले नाही ते लिहिते. मी नवऱ्याला आजाराचे सांगितले तेव्हा मुलगी त्याच टेबलाखाली बसून चित्र रंगवत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालताना तिने विचारले, "आई, तू मरणार का गं?" दोन वर्षांनी कोर्टात सरकारी वकिलांनी तिला विचारले, आईने बाबांना सांगितले होते का. तिने काकांकडे बघितले आणि म्हणाली, "मला माहीत नाही." निकालपत्रात हे वाक्य आहे. माझे वकील उठले होते. "तीन प्रश्नांत खरं काढतो," असे ते कुजबुजले. मी बाही धरून त्यांना खाली बसवले. त्या मुलीला संध्याकाळी त्याच काकांच्या घरी जाऊन जेवायचे होते.

बाळ, तू ऐकले होतेस हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुझ्यामुळे मी आत गेले असे वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाक. लहान मुलीला आईविरुद्ध पिंजऱ्यात उभे करणारी माणसे मोठी होती, शिकलेली होती. ते त्यांचे त्यांनी बघावे. माझे नाव स्वच्छ व्हावे असे मला फार वाटते, मृत्युपत्रात खोटे कशाला लिहू. पण तू अर्ज केलास तरी घर तुझे, नाही केलास तरी तुझेच. उलटतपासणी मी थांबवली होती, आणि आज पुन्हा तो दिवस आला तर पुन्हा थांबवीन.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. हे मी स्वतः वाचले, खाडाखोड केलेली नाही, आणि खालील दोघांच्या देखत सही केली. त्या दोघांनी माझ्या देखत केली.

सही: (कवळ्या बनवणारी)

साक्षीदार १: दाताचे डॉक्टर, ज्यांनी मला काम देणे एकदाही थांबवले नाही. सही.
साक्षीदार २: शेजारचे चष्मेवाले. सही.

स्थळ: माझी कामाची खोली
दिनांक: शुक्रवार, शस्त्रक्रियेच्या तीन दिवस आधी